‘भामटा’ : एका जातीचे नाव शिवी कसे झाले? प्रसारणाचे नियम आणि पडद्यावरील भटके-विमुक्त

१/२४
मराठी वृत्तवाहिन्यांच्या तळपट्टीवर आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत एक शब्द नित्य भेटतो : ‘भामटा’. वृद्धेला गंडविणारा भामटा, सोनसाखळी लांबविणारे भामटे. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत मात्र ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ ही जातींची नावे आहेत. ज्या शब्दाने एखाद्या मुलाच्या दाखल्यावर जात लिहिली जाते, त्याच शब्दाने दूरचित्रवाणी चोराचा निर्देश करते. हे कसे घडले? आणि प्रसारणाच्या नियमांना ते का दिसले नाही? #धागा

२/२४
आरंभ मराठवाड्यातून करू. जालना जिल्ह्यातील घनसावंगी हा गोदावरीच्या उत्तर अंगाचा तालुका. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच तालुक्यात आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा झाला. या पट्ट्यातील गावांच्या शिवारात बंजारा समाजाचे तांडे आहेत. तांडा म्हणजे मुळात चालता काफिला. तो शिवारात स्थिरावला कसा, यातच या इतिहासाचे पहिले पान आहे.

३/२४
दख्खनमध्ये बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेणारे व्यापारी म्हणजे बंजारा. मोगलांपासून इंग्रजांपर्यंत प्रत्येक फौज त्यांच्या रसदीवर जगली. एकोणिसाव्या शतकात पक्क्या सडका आल्या, आगगाडी आली, मिठावर सरकारी कर बसला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून जालना, परतूर, परभणीमार्गे हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि या भागातील बैलांच्या काफिल्यांचे उरलेसुरले प्रयोजनही संपत आले. व्यवसाय बुडालेला फिरस्ता समाज राज्यकर्त्यांच्या दृष्टीने आता उपयुक्त राहिला नाही. तो संशयास्पद ठरला.

४/२४
या संशयाला कायद्याचे रूप मिळाले १८७१ मध्ये. ‘गुन्हेगार जमाती कायद्या’ने सरकारला एखादी संपूर्ण जमात ‘गुन्हेगार’ म्हणून घोषित करण्याचा अधिकार दिला. घोषणा झाली की नावनोंदणी, ठरावीक वेळी हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना. आरोप सिद्ध होण्याची आवश्यकता नव्हती, जन्म पुरेसा होता. आरंभी हा कायदा मुख्यतः उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती ब्रिटिश हिंदुस्थानभर नेली आणि १९२४ मध्ये त्याची सुधारित संहिता आली.

५/२४
कायद्याच्या जोडीने ग्रंथही आले. गंथॉर्प या अधिकाऱ्याचे मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातील ‘गुन्हेगार जमातीं’वरील टिपण १८८२ मधले. मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांचे ‘गुन्हेगार वर्गां’वरील पुस्तक १९०८ मधले. त्यात जातवार प्रकरणे आहेत : वेश कसा, बोली कशी, चोरीची रीत कोणती. मराठीत ‘गावगाडा’कार त्रिंबक नारायण आत्रे यांनीही ‘गुन्हेगार जाती’ या नावाचे पुस्तक लिहिले. एका माणसाच्या गुन्ह्यावरून साऱ्या जातीचे वर्णन करण्याची ही लेखनपद्धती ध्यानात ठेवावी. पुढे कॅमेऱ्याने तीच उचलली.

६/२४
सोलापुरात कापडगिरण्यांच्या आश्रयाने काटेरी तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत आणि तो शब्द त्या भागाला चिकटून राहिला. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. तो दिवस आज ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. पण १९५९ मध्येच मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आणि भिक्षाप्रतिबंधक कायदा आला. जमातीचे नाव कागदावरून पुसले गेले, नजर मात्र जुनीच राहिली.

७/२४
१९६१ मध्ये थाडे समितीचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने १४ विमुक्त जाती व २८ भटक्या जमाती अशी यादी स्वीकारली. बंजारा, कैकाडी, वडार, रामोशी, बेरड, कंजारभाट, छप्परबंद, भामटा ही नावे पहिल्या गटातली. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जाऊ लागला. ज्यांच्या आजोबांचे अवघे आयुष्य पालात गेले, त्यांनी कोणत्या गावचा कागद आणावा? ज्या राज्यव्यवस्थेने त्यांच्या हजेरीच्या नोंदवह्या भरल्या, तीच आता नातवांकडे नोंद मागत होती.

८/२४
आता पडद्याकडे वळू. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शनचा आरंभ झाला आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात जन्मलेले. १९६३ ते १९७५ इतका दीर्घ काळ विमुक्त यादीतील समाजाचा एक पुत्र राज्याच्या सर्वोच्च पदावर होता. एवढ्याने त्या समाजाची पडद्यावरील प्रतिमा बदलली असती, तर पुढचा इतिहास लिहावा लागला नसता.

९/२४
त्या काळातील प्रसारणाचे नियमन सोपे होते, कारण प्रसारक एकच होता : शासन. १८८५ च्या तारायंत्र कायद्याने संदेशवहनाचा अधिकार सरकारकडे ठेवला होता. साठच्या दशकाच्या अखेरीस आकाशवाणीची आचारसंहिता आली आणि धर्मांवर वा समुदायांवर हल्ला करणारे प्रसारण तिने वर्ज्य ठरविले. उघड निंदेला त्यामुळे आळा बसला. मात्र भटक्यांविषयीचे अज्ञान, त्यांची अनुपस्थिती आणि साचेबंद चित्रण यांवर संहितेत कोणतेही कलम नव्हते.

१०/२४
साचे दोन होते. एक हिंदी चित्रपटांतून आलेला : आरसेकाम केलेला घागरा, शेकोटीभोवतीचे नृत्य, बेफिकीर बंजारन. दुसरा पोलिसी ग्रंथांतून आलेला : अंधारात दबा धरणारी टोळी. पहिला गोड, दुसरा कडू, पण दोहोंत एक साम्य होते. दोन्हींत त्या माणसांना घर नव्हते, शाळा नव्हती, शिधापत्रिकेची विवंचना नव्हती. ज्याला साधे दैनंदिन आयुष्यच नाही असा माणूस प्रेक्षकाला शेजारी वाटत नाही, आणि जो शेजारी वाटत नाही त्याच्याविषयी काहीही खरे वाटू शकते.

११/२४
प्रसारणातील चित्रणाचा प्रश्न न्यायालयात नेणाऱ्या महत्त्वाच्या खटल्यांपैकी एक महाराष्ट्रातला आहे. ‘होनी अनहोनी’ ही दूरदर्शन मालिका अंधश्रद्धा पसरविते, असा आक्षेप घेऊन लोकविज्ञान संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिथे अंतरिम मनाई मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ती उठविली आणि दूरदर्शनवरून कलाकृती दाखविण्याचा हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सांगितले. प्रसारण थांबवायचे तर हानीचा ठोस पुरावा हवा, ही पायरी तेव्हा पक्की झाली.

१२/२४
त्याच वर्षी ‘तमस’ मालिकेचा खटला झाला. न्यायालयाने कसोटी लावली ती नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांची : कलाकृतीचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या दृष्टीने मोजावा, प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्या दुर्बल मनाच्या नव्हे. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी ही कसोटी मोलाचीच. पण तिच्यात एक प्रश्न अनुत्तरित राहतो. गावाच्या वेशीवर पाल ठोकलेल्या कुटुंबाचे भवितव्य समंजस माणसाच्या हाती नसते. ते बाजारात जमलेल्या घोळक्याच्या हाती असते.

१३/२४
याच दशकात उत्तर आले ते पुस्तकांतून. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोहोंना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गायकवाड मराठवाड्यातले, लातूर जिल्ह्यातील धनेगावचे. ‘उचल्या’ हे शासकीय यादीत भामटा जातीखाली येणारे नाव. शिवीचा अर्थ धारण केलेले ते नाव त्यांनी स्वतः मुखपृष्ठावर छापले. १९९४ मध्ये किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ आले. ज्यांची वर्णने पोलिसांनी लिहिली होती, ते आता स्वतः लिहीत होते.

१४/२४
नव्वदच्या दशकात केबल आली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर १९९४ च्या अध्यादेशातून निघालेला केबल दूरचित्रवाणी जाळे नियमन कायदा त्याच वर्षी संमत झाला. २००७–०८ पर्यंत मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या उभ्या राहिल्या. तालुक्याच्या गावी संध्याकाळी एक बातमीपत्र पाहणारे घर आता दिवसभर बातम्या पाहू लागले. चोवीस तास भरायला मजकूर हवा होता, आणि गुन्ह्याची बातमी स्वस्तात आणि रोज मिळत होती.

१५/२४
केबल नियमांतील सहावा नियम म्हणजे ‘कार्यक्रम संहिता’. तिची तीन कलमे येथे लागू पडतात. समुदायांवर हल्ला करणारे वा तेढ वाढविणारे प्रसारण नको. व्यक्तींची किंवा समाजातील विशिष्ट गटांची बदनामी नको. आणि वांशिक, भाषिक, प्रादेशिक गटांचे चित्रण निंदाव्यंजक, उपरोधिक वा तुच्छतादर्शक वृत्तीने नको. सातवा नियम जाहिरातींनाही जात, वंश, वर्ण यांची टवाळी करण्यास मनाई करतो. अर्थात कायद्याचे शब्द अपुरे नव्हते. अडचण त्यांच्या वापरात होती.

१६/२४
वापर कसा होतो? कायद्यानुसार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे ‘प्राधिकृत अधिकारी’ आहेत. २००८ मध्ये जिल्हास्तरीय देखरेख समित्यांविषयी केंद्राचा आदेश आला. त्याच वर्षी वृत्तवाहिन्यांनी न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली स्वनियमनाचे प्राधिकरण स्थापले, तर २०११ मध्ये मनोरंजन वाहिन्यांसाठी न्या. ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली परिषद आली. जून २०२१ च्या दुरुस्तीने तीन पायऱ्या ठरल्या : आधी वाहिनी, मग स्वनियमन संस्था, शेवटी केंद्र सरकार.

१७/२४
कागदावर ही वाट सरळ आहे. तक्रारीची पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत, समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत दाद, आणि तिथे ६० दिवसांत निकाल. वाहिनीने प्रक्षेपणाचे मुद्रण ९० दिवस जपावयाचे असते. आता हे वेळापत्रक मराठवाड्यातील एखाद्या तांड्यावर ठेवून पाहावे. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ज्या बातमीने बदनामी झाली तिचे मुद्रण तोवर नष्टही झालेले असते. हक्क आहे, पण त्याची मुदत फडावरच संपते.

१८/२४
दुसरी अडचण अधिक खोल आहे. संहिता एका कार्यक्रमाकडे पाहते, कलंक मात्र पुनरावृत्तीतून तयार होतो. ‘पारधी टोळी’ जेरबंद, अमुक वस्तीवर छापा : सुटे वाक्य तपासले तर ते निव्वळ वृत्त वाटते. पण इतर आरोपींची ओळख नावाने, वयाने, गावाने होते आणि यांची जातीने. हजार बातम्यांत हजार वेळा असे झाले की केनेडीचे १९०८ चे पुस्तक पुन्हा छापण्याची गरज उरत नाही. प्रेक्षकाच्या मनात ते छापलेलेच असते.

१९/२४
हा प्रश्न भारतापुरता नाही. ब्रिटनमध्ये चॅनल फोरच्या ‘बिग फॅट जिप्सी वेडिंग्ज’ मालिकेने जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर समाजांची लग्ने तमाशासारखी दाखविली. २०१२ मध्ये तिच्या भित्तिजाहिरातींविरुद्ध तक्रारी झाल्या. जाहिरात नियामकाने आधी त्या फेटाळल्या, मग फेरविचारात काही जाहिराती आक्षेपार्ह ठरविल्या. कार्यक्रमाविरुद्धची तक्रार मात्र ऑफकॉम या प्रसारण नियामकाने मान्य केली नाही आणि त्याविरुद्ध ट्रॅव्हलर मूव्हमेंट या संस्थेने केलेली याचिकाही २०१५ मध्ये फेटाळली गेली.

२०/२४
दोन्ही देशांत गोष्ट एकच दिसते. एका जाहिरातीतील एक चित्र, एक शब्द पकडता येतो. संपूर्ण मालिकेने किंवा वर्षानुवर्षांच्या बातम्यांनी घडविलेला ग्रह पकडता येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र समाजाच्या स्वतःच्या संघटनेने प्रश्न न्यायालयापर्यंत नेला. ती हरली, तरी त्यातून मुलांच्या शाळेतील छळापासून प्रसारकाच्या जबाबदारीपर्यंतचा मुद्दा सार्वजनिक नोंदीत आला. नोंद राहणे हेही इतिहासात थोडके नसते.

२१/२४
प्रतिमेची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे रविवारचा बाजार होता. मंगळवेढा परिसरातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुले पळविणारी टोळी’ समजून जमावाने ठार मारले. अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरत होती. त्या महिन्यातच व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा आणली. यंत्राचा वेग घटला. पण झोळीवाला दिसताच ‘टोळी’ हा शब्द सुचतो, तो कोणत्याही एका संदेशाने शिकविलेला नव्हता.

२२/२४
कायद्याचे संरक्षणही विषम आहे. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा केवळ अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. त्यामुळे एकाच निजामी राज्यात नांदलेल्या आणि नंतर राज्यसीमांनी वेगळ्या झालेल्या एकाच समाजातील दोन माणसांचा जातीवरून जाहीर अपमान झाला, तर सीमेच्या एका बाजूस तो त्या कायद्याखालील गुन्हा ठरू शकतो, दुसऱ्या बाजूस नाही.

२३/२४
तरी चित्र स्थिर नाही. २०१३ च्या ‘फँड्री’त नागराज मंजुळे यांनी कैकाडी कुटुंबाचे घर, शाळा आणि अपमान आतून दाखविला. या चित्रपटाला दिग्दर्शकीय पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला आणि विमुक्त जमातींना जन्मतः सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदींवर कठोर ताशेरे ओढले. म्हणजे १८७१ ची भाषा १९५२ नंतरही बहात्तर वर्षे सरकारी पुस्तकांत जिवंत होती. पडद्यावर ती टिकली, यात नवल ते काय?

२४/२४
आता पुन्हा त्या तळपट्टीकडे. ‘भामटा’ या शब्दावाचून बातमीचे काही अडत नाही. लबाड, ठकसेन, तोतया, फसवणूक करणारा : मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. कार्यक्रम संहितेचे जे कलम न्यायालयात सिद्ध करणे कठीण, ते संपादकाच्या टेबलावर एका लेखणीच्या फटकाऱ्याने पाळता येते. घनसावंगीच्या एखाद्या शाळेत दाखल्यावर जातीचे नाव असलेली मुलगी घरी येते, दूरचित्रवाणी सुरू करते आणि तेच नाव चोराला दिलेले वाचते. १९५२ मध्ये तिच्या पणजोबांची हजेरी थांबली. तिची रोज संध्याकाळी घेतली जाते. ती थांबविण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

(धागा समाप्त)